तार कच्ची नव्हती!

मी एक नॅनोतार बोलतेय. हो, बोलतेय! डोळ्यांना दिसत नाही म्हणून मुकी समजलात की काय? तुमचा साधा केस माझ्यापेक्षा हजारपट जाड, त्याचा केवढा तो तोरा!

कॅनबेरातल्या एका प्रयोगशाळेच्या भट्टीत, सोन्याच्या इवल्याशा थेंबाखाली मी वाढले. सोबत लाखो बहिणी. तिथल्या संशोधक इमोजेनने मला एकटीला उचलून चिपवर निजवलं आणि दोन्ही टोकांना वीज जोडली. तिची धाकटी बहीण ब्रायडी मधुमेही. रक्तातली साखर बघायला सारखी बोटं टोचून घेते बिचारी. नुसत्या फुंकरीवरून शरीरातला बिघाड कळावा, म्हणून इमोजेन तीन वर्षं राबतेय.

एका सकाळी ती न खाताच आली आणि माझ्यावर फुंकर मारली. उपाशी माणसाच्या श्वासाला एक वास असतो; मधुमेह बिघडला की तोच वास वाढतो. मी तो तत्क्षणी ओळखला. पडद्यावरची रेघ उसळली तशी ती ओरडली, "अगं बाई, पकडलंस की!"

मग जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, कोरड्या दुपारी डेझ आला, तिचा प्रोफेसर. अंगात आईने विणलेला लोकरी स्वेटर. चिपला हात लावण्याआधी मनगटाला पट्टी बांधायची, म्हणजे लोकर घासून अंगात साठलेली वीज जमिनीत जाते. ही सूचना दारावर त्यानेच चिकटवलेली, ठसठशीत अक्षरांत!

"बघू तुझी लाडकी," म्हणत त्याने चिमट्याने चिप उचलली. पट्टी न बांधता.

चट! मी मधोमध वितळले.

इमोजेनने चिप पुन्हा जोडली. रेघ सपाट.

"मेली," डेझ म्हणाला. "लॉटच कच्चा दिसतोय. टाकून दे सगळा."

"अरे, तीन वर्षं, डेझ!"

"होतं गं असं." आणि वहीत लिहिलं: तार कच्ची.

कच्ची? मी? मारायचं तुम्ही आणि नाव आमचं खराब? माझ्या लाखो बहिणी कचऱ्यात जाणार, आणि हा निघाला चहाला!

त्याने दाराच्या कडीला हात लावला. चट! "आई गं!" म्हणून हात झटकला.

इमोजेनने त्याच्या स्वेटरकडे पाहिलं, मग मोकळ्या मनगटाकडे.

"डेझ, तुझी पट्टी कुठंय?"

तो दारावरच्या सूचनेपुढे कानापर्यंत लाल होऊन उभा राहिला. तिने पेन पुढे केलं. "लिही."

'तार पक्की होती. चूक माझी.' लिहिलं बाबा एकदाचं. पण तेवढ्याने माझे दोन तुकडे थोडेच जुळतात?

उद्या ब्रायडी फुंकर मारायला येतेय. माझ्या जागी माझी बहीण असेल. तिला हात लावण्याआधी पट्टी बांधा, मेल्यांनो!