सुनेची फणी

जयसिंगपुरात केरबा सुतारांच्या शेडपुढं एवढी गर्दी होती की मला वाटलं, फुकट खाटा वाटतायत. मी आपला कपाटाचं दार कधी मिळणार, हे विचारायला गेलो होतो. आत यंत्रशांती महाराज बसले होते. पाण्याच्या मोटारीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत कशातलंही भूत काढून देतात म्हणे!

"बाधा झालीया," महाराज डोळे फिरवत म्हणाले. "बाईमाणसाची फणी लागलीया मशीनला!"

सगळ्यांनी केरबांच्या सुनेकडं, अनुजाकडं बघितलं. लाकूड कापायच्या मशीनवर ती चार वर्षं सासऱ्याच्या बरोबरीनं काम करत होती, आणि मशीनला लाकडी फणी तिनंच करून लावली होती, हे खरं. दसऱ्यानंतर मशीननं फळी उलटी भिरकावली, केरबांच्या बरगडीला मार बसला. शेजारच्या चिमणाबाईंनी 'सुनेनं मशीनला फणी लावली' असं गावभर केलं. मग काय, महाराज आलेच.

त्यांनी एका फळीला भंडारा फासला, मंत्र पुटपुटत तीर्थ शिंपडलं. पिवळी फळी लालभडक झाली.

"आगं बया, लाकूड रगात ओकतंय!" चिमणाबाई किंचाळल्या.

"फणी जाळा. आनि ही बाई हितं परत पाऊल ठेवनार न्हाय!" महाराज गरजले.

केरबांनी बरगडी धरून होकारार्थी मान हलवली. अनुजाचा चेहरा उतरला. मला तर असा संताप आला! पण मी तोंड उघडायच्या आत तीच चिमणाबाईंकडं वळली.

"काकू, तुमच्या पानाच्या डब्यातला चुना द्या की."

तिनं तळहातावर महाराजांच्याच भंडाऱ्यातली हळद चोळली, चुना पाण्यात कालवून वर ओतला. हात लाल झाला.

"म्हाराजांच्या तीर्थात चुन्याची निवळी हाय. का माझ्या हाताला बी भूत लागलं?"

"मग फळी कुनी फेकली?" महाराज गुरकावले.

फळी सरळ सरकावी म्हणून पात्याशेजारी एक आडवी पट्टी असते. अनुजानं टेप लावली. पात्यापासून पट्टी पुढं चार इंच, मागं थोडी कमी. पट्टीच्या बुडातून तिनं खिळ्यानं काहीतरी उकरलं. कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा!

"खंडेनवमीच्या पूजेतली अक्षता. हिच्यानं पट्टी तिरकी झाली, फळी पात्यामागं आवळली आनि उडाली. त्यात मामंजींनी पूजेला मशीन पुसताना माझी फणी काढली, ती परत लावलीच न्हाय."

फणी म्हणजे प्लायवूडचा वीतभर तुकडा, एका बाजूला तिरके दाते पाडलेला. पट्टी सरळ करून तिनं तो बसवला आणि मशीन चालू केलं. महाराज सगळ्यांच्या आधी मागं सरकले. फळी सरसर कापत गेली. मशीन बंद करून तिनं दुसरी फळी दात्यांखाली सारली आणि मागं ओढली, तर दाते तिला मागं येऊच देईनात.

"तुमच्या बरगडीसाठी केलती ही, मामंजी," ती म्हणाली.

केरबा उठले. "चुकलं माझं, पोरी. जाळायला निघालतो की गं मी ही फणी. आनखी एक कर."

गर्दीतून वाट काढत महाराज कधी सटकले, कुणाला कळलंही नाही.

दसऱ्याला अवजारांची पूजा खुशाल करा. पण यंत्र बिघडलं तर महाराजांना बोलावण्याआधी टेप लावून बघा. आणि दोष द्यायला घरातली बाई शोधण्याआधी तांदळाचा दाणा शोधा.