पिलग्रिम फोर्कचा फ्लू

डॉक्टर केसलरच्या दवाखान्यासमोर उजाडायच्या आत मोटारींची रांग लागे, ती थेट पेट्रोल पंपापर्यंत. दवाखाना म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. आत शिरताच समोरच्या भिंतीवर काठ्या आणि कुबड्या टांगलेल्या दिसत. कोळशाच्या खाणीत कंबर मोडलेली माणसं दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकून आत जात, आणि थोड्याच दिवसांनी आपल्या पायांनी येऊन काठी भिंतीला अर्पण करून जात. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात देवाने इतकं लक्ष यापूर्वी कधी घातलं नव्हतं.

डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं पिलग्रिम फोर्कची सगळी दरी म्हणे. खरं तर गुण गोळीला होता, आणि गोळी अफूच्या कुळातली होती. डॉक्टर ते लपवतही नसे. तो म्हणे, "वेदना म्हणजे शरीरात शिरलेला चोर. माझी गोळी म्हणजे पोलीस. आता मला सांगा, पोलिसाचं व्यसन कुणाला लागतं का?" लोक माना डोलावत. चोर एकदा पळाल्यावर पोलीस पुन्हा पुन्हा का बोलवावा लागतो, आणि दर खेपेला जास्त कुमक का लागते, हे कुणी विचारत नसे.

डेल्फिया स्टिडम शाळेत जीवशास्त्र शिकवायची. त्या भिंतीवर तिच्या भावाची, वर्लिनचीही काठी होती. खाणीचं छत कोसळून त्याची पाठ गेली होती. गोळी सुरू झाली आणि तो कित्येक वर्षांनी ओढ्यावर मासे धरायला गेला, तेव्हा डेल्फिया रडली होती. शंका तिला आली ती नंतर. गोळ्या मुदतीआधी संपू लागल्या. डॉक्टरने सांगितलं, दुखणं मुरलेलं आहे, बाहेर पडतंय, आणि गोळ्या वाढवून दिल्या. शेजारची एक मुलगी आजीच्या गोळ्या चोरताना सापडली, तेव्हा डॉक्टर हळहळून म्हणाला की काही घराण्यांचं रक्तच कच्चं असतं.

त्या हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं. झाडं रस्त्यांवर आडवी झाली, वीज गेली, दवाखान्याला कुलूप लागलं, नव्या गोळ्या मिळेनात. चर्चच्या तळघरात कोळशाची मोठी शेगडी होती, म्हणून सगळी दरी अंथरूण-पांघरूण घेऊन तिथे आली. बायकांनी घेवड्याची पातेली चढवली, मक्याचा पाव भाजला. पहिला दिवस जत्रेसारखा गेला.

दुसऱ्या दिवशी फ्लू आला. धडधाकट गडी जांभया देऊ लागले, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, अंगावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा उभा राहिला. मग पोटात कळा, उलट्या, पायांची तडफड. वर्लिन भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि बहिणीला म्हणत होता, तू माझ्याकडे बघू नकोस.

डेल्फिया बघत राहिली. वर्लिनच्या कुशीत त्याची तान्ही मुलगी झोपत होती. तिला शिंकसुद्धा नव्हती. त्याची बायको त्याच्याच पेल्यातून पाणी पीत होती. ती ठणठणीत होती. गुडघ्यासाठी दवाखान्यात जाणारी ओर्फा म्हातारी आजारी, आणि तिला भरवणारा नवरा ठीक. दाढेच्या दुखण्यासाठी गोळी धरलेला तरणा दुकानदार आजारी, आणि त्याला टेकून बसलेली आई ठीक. माणसं निवडून धरणारा फ्लू डेल्फियाने पुस्तकात कुठे वाचला नव्हता.

पुढच्या दिवशी तिचा मावसभाऊ बर्ल ट्रॅक्टर घेऊन डोंगरापलीकडच्या टर्कीपेन दरीतून लाकडं पोचवायला आला. बर्ल आणि वर्लिन एकाच छताखाली गाडले गेले होते, आणि पाठ दोघांचीही गेली होती. टर्कीपेनचे लोकही त्यांच्या चर्चमध्ये अडकले होते. तिथे कुणी आजारी आहे का, असं डेल्फियाने विचारलं. कुणी नाही, बर्ल म्हणाला, फक्त पास्टरचं प्रवचन लांबलंय. त्यांच्या बाजूला नदीपलीकडचा एक म्हातारा डॉक्टर होता. असली गोळी तो कॅन्सरने जाणाऱ्या माणसाला देई, मोडलेल्या हाडाला चार दिवस देई, बाकीच्यांना शेक आणि व्यायाम सांगे. बर्ल त्याला शिव्या देत कंबरेत वाकून चालत होता, पण चालत होता.

दुपारी रस्ता उघडला आणि बर्फ सारणाऱ्या गाडीत बसून डॉक्टर केसलर अवतरला. त्याने अंथरुणा-अंथरुणाशी बसून गोळ्या दिल्या. घटकाभरात कळा थांबल्या, काटा बसला, माणसं उठून घेवडा मागू लागली. चर्चच्या पास्टर टॅकेटने देवाचे आभार मानत हात वर केले. ओर्फा म्हातारी डॉक्टरचा कोट धरून रडू लागली.

"हा आजार कसला होता, डॉक्टर?" डेल्फियाने विचारलं.

"फ्लू. यंदाचा वाईट आहे."

"आणि औषध?"

"नेहमीचंच. वेदनेचं."

"वेदनेच्या गोळीने घटकेत जाईल असा फ्लू नसतो. घटकेत जाईल असा एकच आजार असतो, ती गोळी न मिळण्याचा."

डॉक्टर हसला. ज्याचं दुखणं खरं असतं त्याला सवय लागत नाही, तो म्हणाला, रक्तात दोष असेल तरच लागते.

"बर्लच्या आणि वर्लिनच्या आया सख्ख्या बहिणी," डेल्फिया म्हणाली. "रक्त तेच, खाण तीच, दुखणं तेच. फरक एकच. ह्या दरीत गोळी मागेल त्याला मिळते, त्या दरीत मिळत नाही. शरीराला रोज गोळी दिली की ते तिच्याभोवतीच घडी बसवतं. ती काढली की घडी मोडते. ते नवं दुखणं तुम्ही गोळीनेच थांबवता आणि त्याला गुण म्हणता. आधी आग लावायची आणि मग पाण्याची बादली घेऊन धावायचं."

"तुझ्या भावालाच विचार, त्याची पाठ किती दुखत होती," डॉक्टर म्हणाला.

सगळे वर्लिनकडे बघू लागले.

"पाठ सोडून सगळं दुखत होतं," तो म्हणाला.

यानंतर लोकांचे डोळे उघडले असं झालं नाही. रस्ता मोकळा झाल्यावर रांग पुन्हा पंपापर्यंत गेली, आणि डेल्फियाच्या मोटारीची चाकं कुणीतरी फोडली. वर्लिन मात्र नदीपलीकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरने गोळी एकदम तोडली नाही, तसूतसूने उतरवली, आणि ते वर्ष घरात सगळ्यांनाच जड गेलं. पुढे सरकारने दवाखान्याला टाळं ठोकलं, पण गोळीला जडलेल्यांची सोय कुणी केली नाही. काहींनी रस्त्यावर चोरून विकली जाणारी हेरॉइनची पूड धरली. डेल्फियाने स्वतः शिकवलेली मुलं पुरली.

अशाच एका दफनानंतर पास्टर टॅकेट तिच्याकडे आला. येत्या रविवारी गोळी ही सैतानाची करणी आहे असं सांगू का, त्याने विचारलं.

"सैतानाला मध्ये आणू नका," डेल्फिया म्हणाली. "त्याच्या नावावर सगळं खपतं आणि माणसं सुटतात. मरणाऱ्याला ही गोळी द्यायलाच हवी. ती देताना हात सैल सोडला तर काय होतं, ते सांगा. आणि जडलेल्याला हाकलू नका, डॉक्टरकडे न्या. जो म्हणेल याने काही होत नाही, त्याला एवढंच विचारा, थांबवल्यावर काय होतं?"

रविवारी पास्टरने तेवढंच सांगितलं. प्रवचन फार छोटं झालं. ते संपल्यावर ओर्फा म्हातारीचा नवरा जागेवरून उठला आणि नदीपलीकडच्या डॉक्टरची वेळ काय असते, ते विचारू लागला.