टूलबॉक्सच्या झाकणावरचा मासा

ताईच्या धाकट्या भावाने लिलावात घेतलेला लष्करी ट्रक ओढून गॅरेजात आणला, तेव्हा ट्रकच्या आधी त्याचा वास आत आला. ताईने उभा जन्म पत्र्याच्या कामात घालवला होता. सीटखाली मेलेली मांजरं, डिकीत नासलेलं दूध, सगळं तिने नाक न मुरडता साफ केलं होतं. पण या वासाने तिलाही हातातलं फडकं नाकाला लावावं लागलं.

"काय घाण उचलून आणलीस रे?" तिने विचारलं.

"घाण नाही ताई, इतिहास आहे," धाकटा म्हणाला. त्याच्या अंगाला भारी अत्तराचा वास येत होता, आणि दोन्ही वास एकत्र झाल्यावर तर तिथे उभं राहवेना. "बाबांनी चालवलेलं मॉडेल. कुणी सांगावं, बाबांचीच गाडी असेल."

बाबा लष्करात ड्रायव्हर होते. त्यांनी हयातभर शिधा वाहिला: पीठ, बटाटे, साखर. आता ते ताईकडे, गॅरेजमागच्या खोलीत राहत. त्यांची आठवण जुन्या रंगासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटत चालली होती आणि त्याची त्यांना पुरती कल्पना होती, हेच वाईट होतं. रोज चहा घेताना ते ताईला आदल्या दिवसाचं काहीबाही सांगत आणि विचारत, "बरोबर आहे ना पोरी?" त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं. चुकलो तर चुकलात म्हण. मला बरं वाटावं म्हणून हो ला हो करू नकोस. तेवढा एकच कठडा आहे मला धरायला. ताईने ते वचन आजवर मोडलं नव्हतं, अगदी आई जाऊन किती वर्षं झाली हे सांगावं लागलं तेव्हासुद्धा.

ट्रकचं काम तिने मन लावून केलं, कारण अर्धवट काम तिला जमतच नसे. बॉनेट आणि दारं तिने पॉलिश पेपरने हळूहळू घासायला घेतली. जुन्या गाडीची ओळख पटवायची तर रंग एकेक थराने उतरवावा लागतो. वरचा हिरवा भडक आणि अलीकडचा निघाला. त्याखाली पिवळा, त्याखाली राखाडी, आणि तळाशी खरा लष्करी, मळकट शेवाळी. त्या शेवाळीवर दारावर पांढरी अक्षरं उमटली. ताईने ओलं फडकं फिरवलं आणि वाचलं. 'फक्त मैला.'

म्हणजे हा छावणीतल्या संडासांचा मैला वाहणारा ट्रक होता. टाकी कुणीतरी कधीच उतरवून वर साधी लाकडी बॉडी चढवली होती, पण चासीच्या पोकळ लोखंडी पट्ट्यांच्या पोटात गाळ तसाच बसला होता. ताईने सोड्याने धुतलं, वाफ मारली, खरवडून खरवडून हातांची सालटी निघाली. ऊन चढलं की वास पुन्हा हजर. शिवाय चासीवरच्या पट्टीवर कोरलेलं बनावटीचं साल वेगळंच बोलत होतं. हा ट्रक कारखान्यातून निघाला तेव्हा बाबा निवृत्त होऊन घरी बसले होते.

"ही बाबांची गाडी नाही. असूच शकत नाही," तिने धाकट्याला सांगितलं.

"नसू दे गं! जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, बाबांना नुसतं स्टिअरिंगवर बसवू. म्हातारा खूश होईल. तू ती दारावरची अक्षरं तेवढी रंगवून टाक."

बाबा खूश होतील, या एका गोष्टीसाठी ताईने मूग गिळून रंग मारला. फक्त टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू तिने हात न लावता ठेवली. कधी कुणी विचारलं तर मूळचे थर दाखवायला काहीतरी असावं.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानावर रणरणतं ऊन होतं. धाकट्याने बाबांसाठी कुठूनसा एक गणवेश आणला होता. तो त्यांच्या खांद्यांवरून ओघळत होता, आणि छातीवर न मिळवलेली पदकं लटकत होती. ते पाहूनच ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पदकं काढायला पुढे झाली तोवर परीक्षक आले आणि धाकट्याने तोंडाचा पट्टा सोडला. हाच तो ट्रक, हेच त्याचे चालक, गोळ्यांच्या वर्षावातून जखमींना घेऊन आले. शेवटी त्याने दाराखालच्या टूलबॉक्सचं झाकण उचललं.

"आणि हा पुरावा. ताफ्यात पाने-पक्कडी चोरीला जायच्या, म्हणून प्रत्येक ड्रायव्हर आपापली खूण ठोकायचा. आमच्या बाबांचा हा मासा!"

झाकणाच्या आत पंचने ठोकलेल्या ठिपक्यांचा छोटा मासा होता, गंजलेला. ताई बघतच राहिली. बाबांच्या माशाची गोष्ट ऐकत दोघं भावंडं वाढली होती. पण परवापर्यंत या झाकणावर मासा नव्हता. तिने वाकून पाहिलं. प्रत्येक ठिपक्याच्या कडेला वरच्या हिरव्या रंगाचा ताजा टवका उडाला होता. खूण जुनी असती तर पुढचे सगळे रंग त्या खड्ड्यांत बसले असते. याच्या खड्ड्यांत नुसता गंज, मिठाचं पाणी लावून आणलेला. तिला मैल्याच्या वासाने आली नव्हती एवढी किळस आली.

"काय आजोबा, ओळखलीत का आपली गाडी?" परीक्षकांनी मोठ्याने, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

वर बसवलेल्या बाबांनी स्टिअरिंगवर हात फिरवला. मग नाक वर करून त्यांनी दोनदा वास घेतला.

"ही मैल्याची गाडी आहे," ते म्हणाले. "मी शिधा वाहायचो. मैल्याची गाडी आमच्या रांगेत उभीसुद्धा करू देत नसत. मासा माझ्या खुणेसारखा दिसतो, पण हा ट्रक माझा नाही."

मग धाकटा हसला. परीक्षकांच्या खांद्यावर हात टाकून, आवाज हळू करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबांचं हल्ली असंच चालतं. डोकं जागेवर नसतं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही."

लोकांनी च् च् केलं. कुणीतरी कौतुकाने टाळ्याही वाजवल्या. ताईने बाबांकडे पाहिलं, तर त्यांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले होते. पदकांमागे छाती आत गेली होती. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला, घाबरत घाबरत, स्वतःच्याच नाकावर भरवसा नसल्यासारखा.

"पोरी," ते म्हणाले, "मी चुकलो का गं?"

धाकट्याने तिच्यावर डोळे वटारले. नुसतं गप्प बस, असं ते डोळे सांगत होते.

"नाही बाबा," ताई खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर." तिने खिशातली रंग खरवडायची पत्री काढून त्यांच्या हातात दिली, त्यांना खाली उतरवलं आणि झाकणापाशी नेलं. "खरवडून बघा."

पत्री धरायची कशी ते बाबांचा हात विसरला नव्हता. एका फटक्यात माशावरचा गंज भुकटी होऊन पडला आणि खालून नव्या नाण्यासारखा चकचकीत पत्रा बाहेर आला. परीक्षकांनी वाकून पाहिलं, धाकट्याचा हात खांद्यावरून झटकला आणि ते पुढच्या गाडीकडे निघून गेले.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस!" धाकटा फणफणला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता, अत्तर आंबलं होतं. "लाज वाटत नाही? कोण लागतो मी तुझा?"

बाबा वळले. त्यांनी धाकट्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मघाशी ट्रकला पारखलं होतं तसंच. मग छातीवरचं एकेक पदक सोडवून ते टूलबॉक्समध्ये टाकायला लागले.

"हा कोण गं?" त्यांनी विचारलं.

ते विसरले होते की मुद्दाम विचारत होते, हे ताईला कळेना. त्यांच्या डोळ्यांत बघूनही कळेना.

"तुमचा मुलगा आहे, बाबा."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "हो ला हो करू नकोस. खरं सांग."

"खरंच सांगतेय," ताई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, हा आपला नाहीच, या एका बाबतीत तरी बाबांचं बरोबर निघायला हवं होतं.