बाळासाठी कापलेला तुकडा

मित्रांनो, मी रबरी कापडाचा एक जुना तुकडा आहे. एका अंगानं तांबडा, दुसऱ्या अंगानं हिरवा. माझ्या कडा आता कडक झाल्या आहेत आणि एका कोपऱ्याला भेग पडली आहे. तरी अजून मला स्वस्थ पडून राहता येत नाही. रबराची जातच तशी. दाबलं की उसळायचं, ताणलं की मागं यायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड सुती कापडावर रबराचा लेप चढवला, तापलेल्या रुळांमधून काढलं आणि आम्हाला गुंडाळून ठेवलं. तेव्हा मी तुकडा नव्हतो, लांबच लांब कापडाचा एक भाग होतो. ट्रकमध्ये हादरे खात बारामतीच्या एका औषधाच्या दुकानात आलो आणि सलाईनच्या खोक्यांशेजारी कोपऱ्यात उभा राहिलो. गिऱ्हाईक आलं की मालक विचारायचा, "कुणासाठी?" उत्तर ऐकून तो माप ठरवायचा. बाळंतिणीसाठी, नाहीतर तान्ह्या बाळासाठी, हेच उत्तर बहुतेक वेळा यायचं. लोक हसतमुखानं यायचे. मला वाटायचं, आपला जन्म आनंदाच्याच घरी जायला झाला आहे.

नव्वद सालानंतरचा एक उन्हाळा. एके दुपारी खाकी कपड्यातला एक माणूस दुकानात आला आणि आत बायका बघून परत गेला. रस्त्यापलीकडं घुटमळला. मग येऊन डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन गेला. पुन्हा आला तो खोकल्याच्या गोळ्या मागू लागला. हा लासुर्ण्याचा भानुदास, एस.टी.चा कंडक्टर. खच्चून भरलेल्या गाडीत याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. इथं मात्र तो काउंटरवर वाकून कुजबुजला.

"ते... रबरी कापड हाय का?"

"आहे की. कुणासाठी?"

तेवढ्यात मागून त्याच्या खांद्यावर थाप पडली. "जयभीम, कंडक्टरसायब! आज औषधाच्या दुकानात?" त्याच्याच आळीतला महिपती बाम घ्यायला आला होता.

भानुदास झटकन पुन्हा काउंटरकडं वळला. "बाळासाठी," तो मालकाला म्हणाला.

"मग एवढं पुरे," म्हणत मालकानं वितीनं मोजलं आणि कात्री चालवली. असा मी तुकडा झालो.

"कुनाचं बाळ रं?" महिपतीनं मान पुढं काढली.

"पाव्हन्यांचं हाय," असं पुटपुटत भानुदासनं मला तिकिटांच्या पेटीखाली दडपलं आणि तो स्टँडकडं पळाला.

घरी त्याची बायको रतन हिनं मला उलगडलं आणि कपाळावर हात मारला.

"ह्याच्यावर मांजर तरी मावंल का? आत्यांसाठी सांगितलं व्हतं ना?"

"एवढंच मिळालं," भानुदास म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की दुकानात माझी भली मोठी गुंडाळी उभी आहे. पण रबराला तोंड नसतं.

आत्या म्हणजे भानुदासची आई, अक्काबाई. विहारात बुद्धवंदना सुरू करायचा मान तिचा होता. तिचा आवाज उठला की मग बाकीच्या बाया सूर धरायच्या. पण माघी पौर्णिमेला वंदनेच्या मधेच तिला खोकल्याची उबळ आली, लघवी सुटली आणि पांढरं लुगडं भिजलं. पदर गुंडाळून ती भिंतीकडेनं घरी आली. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं आणि तेव्हापासून विहाराची पायरी चढली नाही. रतनला लुगडं धुताना कळलं, तेवढंच.

पण खरी गोष्ट पुढंच होती. अक्काबाईनं पाणीच तोडलं होतं. प्यायलं नाही तर भिजणार नाही, हा तिचा हिशेब. चैत्र-वैशाखाचं ऊन, पत्र्याचं घर, आणि ही बाई दिवसभर दोन घोटांवर. रतन पेला भरून द्यायची. तिची पाठ वळली की अक्काबाई तो खिडकीतून शेवंतीच्या वाफ्यात ओतायची. शेवंती तरारली आणि म्हातारी सुकत चालली. ओठ फुटले, उठताना भोवळ येऊ लागली, लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी वाढवलं नाही तर दवाखान्यात भरती करावं लागेल. अक्काबाई होकाराची मान हलवून घरी आली आणि पेला पुन्हा खिडकीबाहेर गेला.

मला तिच्या अंथरुणात घातलं. पण माझा काय उपयोग? तिनं कूस बदलली की मी सरकायचो, पाठीखाली गोळा व्हायचो आणि ओल माझ्या कडेवरून गादीत उतरायची. ती चाचपून बघायची, उठायची, पुन्हा बसायची. तिला चैन नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या धोंडाबाई आणि चंद्राबाई वाटीत साखर घेऊन दारात हजर.

"रतन, तोंड उघड आधी!"

"कशापायी वं?"

"आता लपवून काय करतीस? महिपतीनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय. कंडक्टरनं बारामतीत बाळाचं रबर घेतलं."

"अवं, माझ्या पोराला, अनुपला मिशा फुटल्यात!"

"मग काय झालं?" धोंडाबाई खिदळली. "थोरल्याला मिशा अन् धाकट्याला कुंची!"

रतन लालबुंद झाली. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तिनं आत खाटेकडं बघितलं. अक्काबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. रतन वळली, वाटीतली चिमूटभर साखर उचलली आणि मुकाट्यानं तोंडात टाकली. सासूची लाज तिनं साखरेबरोबर गिळली.

अक्काबाईनं ते बघितलं. ती खाटेवर चुळबुळली, एकदा भिंतीला हात लावून उभी राहिली, परत बसली. मग एकदम अंथरुणात हात घालून मला ओढून काढलं आणि तशीच डुगडुगत दारात आली.

"खाऊ नगंस ती साखर," ती म्हणाली. "बाळ न्हाय का काय न्हाय. ह्ये माझं हाय. मी भिजवतीया."

धोंडाबाईनं साखरेची वाटी पदराखाली घेतली.

मग चंद्राबाई पुढं आली, माझा कोपरा दोन बोटांत धरून चुरडला आणि हळूच म्हणाली, "ह्ये वाजत न्हाई गं?"

"वाजायला काय झालं?" अक्काबाईनं विचारलं.

"मी खताच्या पोत्यातला पलास्टिकचा कागद आथरती. जरा हाललं की चुर्रचुर्र. आमचं मालक म्हनत्यात, घरात उंदीर शिरलाय. पिंजरा लावलाय त्यांनी खाटंखाली!"

धोंडाबाई फिसकन हसली. रतन हसली. शेवटी अक्काबाईही हसायला लागली आणि पोट धरून ओरडली, "अगं हसवू नगासा, हितंच भिजंल!"

पुढल्या गाडीनं रतन स्वतः बारामतीला निघाली. मापाला मला बरोबर घेतलं. गाडी भानुदासचीच होती. तिकीट फाडताना तो म्हणाला, "दुकानात जरा हळू बोल."

"तुमी हळू बोललात म्हनून तर मला साखर खावी लागली," रतन म्हणाली.

दुकानात तिनं मला काउंटरवर पसरलं. "ह्यातलंच पायजे. माझ्या सासूसाठी. थोर मानूस हाय, खाटंच्या रुंदीचं कापा. अन् तसंच आनखी एक, शेजारणीला."

"अहो, त्याच दिवशी सांगायचं होतं," मालक म्हणाला. मोठ्या माणसांचे लंगोटही असतात, एकदा वापरून टाकायचे, पण ते पुण्याहून मागवावे लागतील, असंही त्यानं सांगितलं.

"टाकायचं कुठं? कॅनॉलात?" रतनला ते पटेना. जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या, त्यांच्या खाली रबर घालून, वापरायच्या आणि रोज धुवायच्या, असं तिनं ठरवलं. डॉक्टरांनाही या वेळी तिनं आडपडदा न ठेवता विचारलं. त्यांनी जळजळीचं औषध दिलं आणि ठरल्या वेळेला लघवीला बसवायला सांगितलं.

खाटेवर आता माझा मोठा भाऊ आला. मला वाटलं, आपलं काम संपलं. पण रतननं माझ्या मापाची सुती खोळ शिवली. सुई मला लावली नाही, कारण भोक पडलं की रबर संपलं. आत मऊ घडी, तिच्याखाली मी. बसायचं आसन तयार झालं.

वैशाखी पौर्णिमेला अक्काबाईनं ट्रंकेतलं पांढरं लुगडं काढलं. हातात घेतलं, परत ठेवलं, पुन्हा काढलं. घरातून दोनदा बाहेर पडली आणि दोनदा मागं फिरली. तिसऱ्यांदा चंद्राबाईनं तिचं बकोट धरलं. "चल. मी बसती तुझ्या मागं. काय झालं तर मी हाय."

विहारात सतरंजीवर मला ठेवलं आणि अक्काबाई माझ्यावर बसली. तिचे पाय अवघडले होते. सगळ्या बाया थांबल्या होत्या. मग तिचा आवाज उठला, आधी फाटका, मग भरलेला. वंदनेच्या मध्यावर मला ऊब जाणवली. तिला कळलं होतं, पण आवाज थांबला नाही. मी चारी कडांनी ताठ राहिलो. घडीनं ओल धरली, मी ती खाली जाऊ दिली नाही. वंदना पुरी झाली आणि अक्काबाईनं मागं हात केला. "चंद्रे, तांब्या दे." सगळ्यांच्या देखत तिनं तो घटाघटा रिकामा केला.

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. लग्नात, गाडीत, बाजारात अक्काबाईबरोबर हिंडलो. आता खुंटीवर आहे आणि मला तिथं करमत नाही. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल तर त्याला साबणानं धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळून ठेवा. उघड्या रबरावर कुणाला निजवू नका, वर सुती कापड घाला, नाहीतर कातडी सोलवटते. आणि घरातलं म्हातारं माणूस पाणी नको म्हणालं, तर त्याला तहान नाही असं समजू नका. आधी त्याचं अंथरूण कोरडं करा, मग तांब्या पुढं करा.