सुहासिनीबाईंचं गंगावन

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात सुहासिनीबाई काणेकरांचा अंबाडा प्रसिद्ध होता. डॉक्टर चारुदत्त काणेकरांचं नाव हॉस्पिटलात मोठं असेल, पण मंडळात ते 'अंबाड्याच्या काकूंचे मिस्टर' होते, आणि बिचाऱ्यांनी ते केव्हाच मान्य करून टाकलं होतं. साठीला टेकलेल्या बाईचे केस इतके दाट कसे, असं कुणी विचारलं की बाई शिकेकाईचं नाव घ्यायच्या, खोबरेल तेलाचं घ्यायच्या आणि लगेच चहाला आधण ठेवायला उठायच्या.

आता आपल्यातच म्हणून सांगायचं, तर त्या अंबाड्यात शिकेकाईपेक्षा गंगावनाचा वाटा मोठा होता. गंगावन म्हणजे केसांची तयार शेपटी. आपल्या वेणीत गुंफली की वेणी जाडही होते आणि लांबही. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच थंडीत बाईंचे केस मुठी मुठीनं गळायला लागले. बाईंनी ते गळलेले केस जपून ठेवले आणि पुण्याला गेल्यावर त्यांचीच दोन गंगावनं करून घेतली. एक रोज डोक्यावर असायचं, दुसरं मलमलच्या फडक्यात गुंडाळून कपाटात. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मुलगी कांचन हिला संशय होता, पण आईच्या कपाटाला हात लावायची तिची टाप नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ही मूठ बाईंनी इतकी वर्षं झाकून ठेवली होती.

ती उघडायची वेळ आली सत्त्याऐंशीच्या गणपतीत, आणि आणली कुणी, तर नऊ वर्षांच्या विनीनं.

विनी म्हणजे विनीता, कांचनची एकुलती एक लेक. कांचननं लग्न केलं ते रेमंडशी. रेमंड शिकागोचा, काळा, शाळेत गणित शिकवणारा, सासूच्या हातच्या आमटीचे तीन वाडगे पिणारा. त्यामुळे लग्नाच्या वेळी रुसलेल्या सुहासिनीबाई पहिल्या दिवाळीलाच विरघळल्या होत्या. विहीणबाई बर्निस यांच्याशी मात्र गाडी 'हाऊ आर यू'च्या पुढे कधी सरकली नव्हती. बाईंनी लग्नात रीतीप्रमाणे विहिणीचा मान म्हणून पैठणी दिली होती. बर्निसबाई दर नाताळला रम घातलेला केक पाठवायच्या, तो डॉक्टर एकटे संपवायचे. देणंघेणं चोख होतं, बोलणं नव्हतं.

विनीचे केस बापाच्या वळणावर गेले होते. दाट, काळेभोर, इतके बारीक कुरळे की बट ओढून सोडली तर उडी मारून जागेवर परत. त्या केसांचं खातं बर्निसबाईंकडे होतं. एक शनिवार सोडून एक शनिवार विनी शिकागोला ग्रॅनीकडे जायची आणि डोकंभर सुबक वेण्या घालून यायची. सुहासिनीबाईंना त्याचं जरासं लागायचं. नातीची वेणी आजीनं घालायची, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि इथे तर कंगवासुद्धा हातात मिळत नव्हता.

त्या वर्षी कांचन कंपनीच्या ट्रेनिंगसाठी दूर चँडलरला गेली आणि विनी आजीकडे राहायला आली. ग्रॅनीचे शनिवार बुडाले आणि केस मोकळेच राहिले. त्याच सुमारास मंडळातल्या मीनाक्षीनं गणपतीत लहान मुलींचे मंगळागौरीचे खेळ बसवायला घेतले. नऊवारी, नथ, लांब वेणी आणि वेणीला गोंडा. मीनाक्षीनं विनीकडे बघितलं, मग तिच्या डोक्याकडे बघितलं, आणि म्हणाली की हिला आपण मागच्या रांगेत ठेवू, पदर डोक्यावरून देऊ, काही दिसणार नाही. वाईट मनाची नव्हती ती, पण जिभेला हाड कुठलं असायला.

विनीनं मराठी बोलायचा कंटाळा केला तरी ऐकताना एक अक्षर सोडत नसे. घरी येताना गाडीत ती म्हणाली, मला नाही नाचायचं. सुहासिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे नातीला शब्द दिला, की तुला सगळ्यांच्यासारखी वेणी मी घालीन आणि तू पहिल्या रांगेत फुगडी घालशील.

शब्द दिला खरा, पण बर्निसबाईंना विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आपल्या मंगळागौरीतलं त्यांना काय कळणार, असा एक ताठा होताच. कपाटातलं दुसरं गंगावन त्यांनी काढलं, 'पुण्याहून आणलंय हो खास' एवढंच नातीला सांगितलं, आणि खोबरेल तेल चोपडून कोरड्या केसांत बारीक दातांचा कंगवा घातला. विनीच्या डोळ्यांना धारा लागल्या. कंगव्याचे दोन दात गेले. शेवटी केस कसेबसे मागे आवळून बाईंनी गंगावन गुंफलं, वर डझनभर पिना ठोकल्या आणि लांब जाऊन बघितलं. वर कुरळं, खाली सुतासारखं सरळ. आपण शिवलेलं ठिगळ आपल्याला दिसत नाही, तसं बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मीनाक्षीच्या बेसमेंटमध्ये तालीम होती. मंडळातला गुरुदत्त तबल्यावर होता. फुगडीनं वेग घेतला, विनी रंगात आली, आणि तेल लावलेलं ते गुळगुळीत गंगावन कुरळ्या केसांतून सुळकन निसटून थेट गुरुदत्तच्या डग्ग्यावर जाऊन पडलं. गुरुदत्तला वाटलं उंदीर. तो उठला, तबला लवंडला, पोरी हसून हसून लोळल्या. विनी मात्र जिना चढून गाडीत जाऊन बसली.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. सुहासिनीबाई ते गंगावन पर्समध्ये कोंबून घरी आल्या आणि रात्रीचं जेवण न जेवता बसून राहिल्या. पोरगी नाचली नाही तर नाचली नाही, जग बुडणार नव्हतं. पण आपण तिच्या डोक्यावर काहीतरी ठोकून बसवायला गेलो आणि चारचौघांत तिचं हसं केलं, हे त्यांना खुपत होतं. डॉक्टरांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, की हृदयाचा पेशंट मी कातडीच्या डॉक्टरकडे पाठवत नाही. बाईंना राग आला, पण मुद्दा पटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहीणबाईंना फोन लावला.

बर्निसबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कोरड्या केसांत बारीक कंगवा, हे ऐकताना मात्र त्यांनी दोनदा देवाचं नाव घेतलं. शनिवारी शिकागोत केसांच्या दुकानात भेटा म्हणाल्या, पोरीला घेऊन या.

डॉक्टरांनी दोघींना दुकानाशी सोडलं आणि स्वतः गाडीतच पेपर उघडून बसले. आत जमिनीपासून छतापर्यंत केसांची पाकिटं टांगलेली. आखूड, लांब, काळे, तांबूस, कुरळे, सरळ. साड्यांच्या दुकानात शिरल्यासारखं सुहासिनीबाईंना एकदम घरच्यासारखं वाटलं, आणि त्यांचा हात सवयीनं सगळ्यांत लांब, सगळ्यांत सरळ, चकचकीत पाकिटावर गेला. बर्निसबाई रविवारच्या चर्चला जाव्यात तशा नटून आल्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. पाकीट काढून घेतलं आणि विहीणबाईंना डोळे मिटायला सांगितले.

आधी त्यांनी बाईंचा हात धरून विनीच्या केसांत ठेवला. तेल नाही, ओढाताण नाही, नुसता ठेवला. मग नमुन्याच्या बटा एकेक करून बोटांत दिल्या. सुहासिनीबाईंनी उभ्या जन्मात तांदूळ, रवा, सुती, रेशीम सगळं बोटांनी पारखून घेतलेलं. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई ती. पहिली बट निसटती लागली. दुसरी निसटती. तिसरीला जराशी पकड होती, पण फार राठ. चौथी बोटांत आली आणि त्या थांबल्या. ही त्या केसांचीच बहीण होती, तशीच खरखरीत तरी मऊ, उसळणारी. आपण या पोरीच्या डोक्याला तेल लावलं, कंगवा लावला, पण हात कधी लावलाच नव्हता, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"ही," त्या म्हणाल्या. बर्निसबाई हसल्या. गुळगुळीत केस हिच्या केसांना धरून राहत नाहीत, त्यांनी सांगितलं, सारख्याला सारखं लागतं. ही वेणी पोरीनं कितीही गिरक्या घेतल्या तरी सुटायची नाही.

दोघी विहिणी खुशीत आल्या. लांबी किती, गोंडा कुठला, चर्चा सुरू झाली. आणि विनी म्हणाली, "नको."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इंग्रजीत भराभर बोलत सुटली. मला खोटे केस नकोत. सगळ्या मुलींचे खरे आहेत, मीनाक्षी आंटीचे खरे आहेत. ग्रॅनीचं ठीक आहे, ती म्हातारी आहे. "आजी, तुझे तर इतके मोठे आणि खरे. माझ्याच डोक्यावर का खोटे लावायचे?"

सुहासिनीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. समोर विहीण उभी होती, जिच्यापुढे आजवर नथीतला मोतीसुद्धा वाकडा होऊ दिला नव्हता. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. शिकेकाईचं नाव घेता आलं असतं. पण पोर त्यांच्या अंबाड्याकडेच बघत होती.

त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली. मागे हात नेऊन एक पीन काढली, दुसरी काढली, जाळी सोडली. मग अख्खं गंगावन सोडवून त्यांनी नातीच्या हातात ठेवलं. मागे उरली होती ती करंगळीएवढी बारीक शेपटी.

"हे बघ आजीचे केस," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईच्या लग्नातसुद्धा हेच होते."

विनी हातातल्या गंगावनाकडे बघत राहिली. मग आजीच्या डोक्याकडे. मग परत हाताकडे. सुहासिनीबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. बर्निसबाईंनी पुढे होऊन गंगावन उचललं, बोटांनी चाचपलं, बांधणी बघितली आणि काम फार उत्तम आहे म्हणाल्या. मग आपल्या सुरेख कुरळ्या केसांच्या टोपावर टिचकी मारून म्हणाल्या, "हा रविवारचा. रोजचा घरी आहे."

सुहासिनीबाईंना हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. केस मोकळे, पदर घसरलेला, आणि विहिणीच्या खांद्याला धरून बाई हसतायत. काय झालं ते बघायला डॉक्टर पेपर टाकून आत आले, बायकोला त्या अवस्थेत बघितलं आणि शहाणे असल्यामुळे तसेच बाहेर गेले.

पाकीट शेवटी विनीनं स्वतः निवडलं. केस आजीनं डोळे मिटून पारखलेले तेच, पण लांबी कमरेपर्यंत नको, पाठीच्या मध्यापर्यंत. इतकेच माझे कधीतरी वाढतील, म्हणाली. आजीनं अजून वीतभर लांब घेण्यासाठी जरा घासाघीस करून बघितली, पण नातीनं दाद दिली नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी बर्निसबाई शॉमबर्गला आल्या. विनी त्यांच्या पायांशी गालिच्यावर बसली. केस आधी पाण्यानं ओले केले, रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर सोडवले, मग भांगापासून डोक्याशी चिकटून बारीक वेण्या निघाल्या. प्रत्येक वेणीत थोडे थोडे नवे केस मिसळत सगळ्या मागे आणून त्यांची एक जाड वेणी झाली. बटा सारख्या करून हातात द्यायचं काम सुहासिनीबाईंकडे होतं. वेणी सुटू नये म्हणून टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची होती, त्यासाठी त्यांनी चहाचं पातेलं दिलं. सोवळ्याच्या बाईनं केसांसाठी चहाचं पातेलं दिलं, यावरून काय ते समजा. दुपार कशी सरली कळलं नाही. मधे बटाटेवडे झाले, दोघींच्या सासवांबद्दल बोलणं झालं, आणि सासू शिकागोची असो की सदाशिव पेठेची, दळण एकच असतं असं दोघींचं एकमत झालं.

विनी उठली तशी बर्निसबाईंनी गालिच्यावर बोट दाखवलं. आता तुम्ही बसा. सुहासिनीबाई नको नको म्हणत बसल्या. आई गेल्यापासून त्यांच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. विहीणबाईंनी उरलेल्या विरळ केसांची छोटी वेणी घालून तिच्यावर गंगावन असं शिवून बसवलं, की एका पिनेची गरज लागली नाही. बाईंना इतकं बरं वाटलं की त्या बसल्या जागी पेंगल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये खेळ रंगले. विनी पहिल्या रांगेत होती, बर्निसबाई प्रेक्षकांत. फुगडी अशी घातली की समोरची पोरगी हात सोड म्हणून ओरडली, पण वेणी तसूभर हलली नाही. गुरुदत्त तेवढा प्रत्येक गिरकीला जरा मागे सरकत होता.

खेळ संपल्यावर बायकांचा गराडा पडला. मीनाक्षीनं विनीची वेणी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगंबाई, किती छान! खरी आहे का गं?"

विनीनं मान वर केली आणि स्वच्छ मराठीत, खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही. खोटी आहे. माझ्या आजीसारखीच."

सगळ्यांच्या नजरा त्या प्रसिद्ध अंबाड्याकडे वळल्या. सुहासिनीबाईंचा हात सवयीनं डोक्याकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला. नातीचा चेहरा त्यांनी पाहिला. पोरगी चिडवत नव्हती, पोरगी मिरवत होती.

"हो," सुहासिनीबाई म्हणाल्या. "माझं गंगावन आहे. बसवलंय विहीणबाईंनी."

आणि बर्निसबाईंचा हात धरून त्यांना त्यांनी गराड्यात मधोमध आणलं.

प्रसादाच्या रांगेत मीनाक्षी हळूच बाईंना येऊन चिकटली. इकडे तिकडे बघून तिनं आवाज खाली घेतला आणि विचारलं, "सुहासिनीताई, त्या दुकानात आपल्यासारखे मिळतात का हो?"

सुहासिनीबाईंनी तिच्या पानात एक मोदक जास्तीचा वाढला आणि शनिवारी सकाळी तयार राहायला सांगितलं.