पंपमामांचा फळा

पितळेच्या दोन वाकवलेल्या तारा एकमेकींवर आडव्या आल्या आणि बागेत जमलेल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

तारवाले गुरुजी सिमेंटच्या बाकापाशी डोळे मिटून उभे होते. अंगात परीटघडीचा पांढरा शर्ट, पाय अनवाणी, दोन्ही मुठींत एकेक तार. सकाळी नऊपासून ते सोसायटीच्या तिन्ही इमारतींभोवती फेऱ्या घालत होते आणि अख्खी सोसायटी त्यांच्या मागून फिरत होती. पार्किंगमध्ये तारा गप्प राहिल्या, गेटापाशी गप्प राहिल्या. बागेच्या या कोपऱ्यात आल्या आणि थरथरत आत वळल्या.

"इथे," गुरुजी खोल आवाजात म्हणाले. "अकरा फुटांवर. झरा नव्हे, नदी आहे खाली. जमीन बोलते, मी फक्त ऐकतो."

सेक्रेटरी हातातल्या मोबाइलवर सगळं टिपत होते. त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांनी त्या उचलून धरल्या.

तळमजल्यावर राहणाऱ्या बाई मात्र सगळ्यांच्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. तारांकडे बघायचं सोडून त्या गुरुजींच्या मनगटांकडे बघत होत्या. सैल धरलेली तार फिरवायला मनगट केसभर कलतं केलं तरी पुरतं, आणि ते कललेलं त्यांनी बघितलं होतं.

"गुरुजी," त्यांनी मागूनच विचारलं, "डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा चालाल का? तीच जागा सापडते का बघू."

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. "कुणीतरी शंका घेऊन उभं आहे इथे. शंकेनं लहरी बिथरतात. त्या व्यक्तीनं जरा लांब व्हावं."

दीडशे माना मागे वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरी लाजल्यासारखे झाले आणि हळूच म्हणाले, "बाई, आज नको. तुमची शाळा नंतर घ्या." बाईंचे कान तापले आणि त्या चार पावलं मागे सरकल्या.

पण गुरुजींचं काम अजून संपलं नव्हतं. "खाली एवढं पाणी, आणि वर तुमची टाकी रोज सकाळी उतरलेली. असं का?" त्यांनी लोकांनाच विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "कारण वर चोर आहे." तारा पुढे धरून ते चालू लागले. पंपाच्या खोलीपाशी पोचल्यावर तारा पुन्हा फिरल्या. दारात पंपमामा हातातलं फडकं पिळत उभे होते.

पंपमामा चौदा वर्षं या सोसायटीचा पंप चालवत होते. जमिनीखालच्या टाकीत पाणी घ्यायचं, तिथून इमारतींच्या गच्चीवर चढवायचं, शनिवारी मापाने ब्लीचिंग पावडर टाकायची, अशी त्यांची कामं. त्यातलं एक काम त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. पंपाच्या खोलीबाहेर एक छोटा काळा फळा होता. त्यावर ते रोज खडूने टाकीची पातळी लिहीत. रात्री पंप बंद करताना किती, सकाळी सुरू करताना किती. गेले तीन महिने फळ्यावर एकच रड होती. रात्री आठ फूट, सकाळी सहा.

हे आकडे सेक्रेटरींनीही वाचले होते, पण आपल्या पद्धतीने. पाणी रात्री जातं, किल्ली मामांकडे असते, आणि भिंतीपलीकडे गाड्या धुण्याचं दुकान आहे. एवढं त्यांच्या मनात आधीपासून शिजत होतं. आदल्या दिवशी गुरुजी 'जागेच्या लहरी बघायला' आले, तेव्हा सेक्रेटरींच्या घरी तासभर गप्पा झाल्या होत्या. त्यात हेही निघालं असणार. तारांना पुढचं फारसं अवघड नव्हतं.

त्याच संध्याकाळी क्लबहाउसमध्ये तातडीची सभा झाली. मामा दारापाशी उभे राहिले, कारण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. ते एकच वाक्य बोलले. "साहेब, मी चोरलं असतं, तर फळ्यावर लिहिलं कशाला असतं?"

प्रश्न बिनतोड होता. बाईंच्या ओठांवरही नेमका तोच आला होता. पण समोरून कुणीतरी म्हणालं, "आता आम्हाला अक्कल शिकवणार का?" आणि लोक हसले. मग सेक्रेटरी म्हणाले, "मामांना कामावरून कमी करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." हात वर झाले. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून कुणाचा हात खाली आहे ते बघू लागले. सकाळचं ते फिस्सकन हसणं बाईंच्या कानात अजून होतं. त्यांनी हात उचलला, कोपरापर्यंतच उचलला. सेक्रेटरींनी तो पूर्ण धरला आणि "एकमताने" असं वहीत लिहून टाकलं.

पंपाच्या खोलीमागच्या खोपटात मामांचा संसार होता. तो दोन दिवसांत हलवावा लागला. त्यांची मुलगी दहावीला होती, परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. रोज संध्याकाळी ती बाईंकडे गणित सोडवायला यायची. टेम्पोत पुस्तकांची पिशवी चढवताना बाई तिला खिडकीतून दिसल्या असणारच. पण तिने तिकडे बघितलं नाही, आणि बाईंनी पडदा ओढून घेतला.

आठवड्याने सेक्रेटरींनी सोसायटीच्या वार्तापत्राचा मजकूर नेहमीसारखा शुद्धलेखन तपासायला बाईंकडे पाठवला. पहिलीच बातमी होती, 'पाणीचोरीचा छडा लागला.' बाईंनी लाल पेनने पाच ठिकाणी वेलांट्या-उकार दुरुस्त केले आणि कागद परत केला. बातमीतलं बाकीचं काही त्यांनी दुरुस्त केलं नाही.

बाकापाशी खड्डा खणला आणि अकराव्या फुटाला खरोखरच पाणी लागलं.

मग काय विचारता. सकाळ-संध्याकाळ खड्ड्याभोवती बाटल्या, कळश्या, पिंपं यांची रांग. पलीकडच्या सोसायट्यांतूनही माणसं येऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा गुडघा म्हणे निम्मा बरा झाला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करून तेच पाणी डोळ्यांत घालायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी छोटा पंप बसवून खड्ड्यातलं जास्तीचं पाणी टाकीत सोडलं, आणि सोसायटीची टंचाई संपली. चोर गेला, नदी आली. वार्तापत्राचा विशेषांक निघाला. त्यात गुरुजींचा फोटो होता आणि त्याखाली त्यांचा फोन नंबर. रिकाम्या जागेवर नवा पंपवाला आला. त्याला मापही कुणी शिकवलं नाही आणि फळ्यावर लिहायचंही कुणी सांगितलं नाही.

एका शनिवारी दुपारी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पेला घेऊन बाईंच्या दारात आल्या. "घ्या हो बाई. तुमचा विश्वास नाही, माहीत आहे मला. पण पाणी कुणावर रागावत नाही."

बाईंनी पेला तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिल्या.

"वास येतोय," त्या म्हणाल्या.

"मातीचा असेल."

"मातीचा नाही. ब्लीचिंग पावडरचा."

वहिनी गेल्यावर बाई बराच वेळ त्या पेल्याकडे बघत बसल्या. पाताळातल्या नदीत दर शनिवारी ब्लीचिंग पावडर कोण टाकतं? नवा पंपवाला अंदाजाने दोन मग उलटे करतो, टाकीत. त्या उठल्या आणि टाकीपासून बाकापर्यंत पावलं मोजत गेल्या. पंधरा भरली. त्यांना आणखी एक आठवलं. उन्हाने सगळी बाग पिवळी पडली, तरी या बाकाखालचं गवत हिरवंगार राहिलं होतं. त्या रोज त्याच बाकावर बसत होत्या. तारवाल्याला ते एका फेरीत दिसलं होतं, आणि एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

टाकी धुवायची वेळ होऊन गेलीच होती. हे काम कुणालाच नको असतं. बाईंनी सेक्रेटरींना सांगितलं, "मी स्वतः उभी राहून करून घेते. फक्त टाकी दोन दिवस कोरडी ठेवू, आणि तोवर टँकरचं पाणी सरळ गच्चीवर चढवू." सेक्रेटरी खूश झाले. बाई सुधारल्या असं त्यांना वाटलं असावं.

टाकी उपसली. पहिल्या दिवशी संध्याकाळी खड्ड्यातलं पाणी गुडघाभर उतरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली नुसता चिखल उरला आणि बाटल्या घेऊन आलेले लोक एकमेकांकडे बघू लागले.

"गुरुजी म्हणालेच होते," सेक्रेटरी बाईंकडे बघत म्हणाले. "शंका घेतली की झरा रुसतो."

"झरा रुसला नाही. तुमची टाकी रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याबरोबर या."

टाकीच्या तोंडाशी सगळे गोळा झाले. आत उतरलेल्या टाकी धुणाऱ्याने खालून हाक दिली, "बाई, बागेकडच्या भिंतीला केवढी भेग आहे बघा. झाडाची मुळं घुसलीत. माझा पंजा मनगटापर्यंत आत जातोय." त्याने बॅटरीचा झोत भेगेवर धरला आणि एकेकाने वाकून बघितली.

"रात्री टाकी भरली की पाणी या भेगेतून जायचं आणि बाकाखाली मुरायचं," बाई म्हणाल्या. "आपण तिथे खड्डा खणला, तर टाकीच्या तळाएवढ्या खोलीवर, अकरा फुटांवर, आपलंच पाणी लागलं. ते पंपाने परत टाकीत सोडलं, म्हणून टंचाई संपली. नदी वगैरे काही नाही. हीच गळती तुम्ही बाटल्यांत भरून नेत होता."

"आणि तारा?" कुणीतरी विचारलं. "तारा कशा फिरल्या मग?"

बाईंनी कपडे अडकवायच्या हँगरच्या दोन तारा कापून आणल्या होत्या. त्या त्यांनी सेक्रेटरींच्या मुठींत दिल्या. "सैल धरा. चाला. आता मनगटं अगदी थोडी आत कलती करा." सेक्रेटरींची स्कूटर समोर उभी होती. तारा तिच्यासमोर आल्या आणि छान आडव्या पडल्या. "अकरा फूट खणायचं का इथे?" बाईंनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना फळ्यापाशी नेलं. मामांचं अक्षर अजून तसंच होतं. रात्री आठ फूट, सकाळी सहा. "टाकी गळतेय हे तीन महिने इथे लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यालाच आपण चोर ठरवलं."

सेक्रेटरी म्हणाले, "झालं गेलं होऊन गेलं. टाकी दुरुस्त करून घेऊ. मी वार्तापत्रात टाकतो."

त्यांनी टाकलंही. 'टाकीची गळती शोधण्यात कमिटीला यश.' शेजारी बॅटरी हातात धरलेला त्यांचा फोटो. मामांबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईंनी वेगळं निवेदन लिहून दिलं, तर सेक्रेटरी म्हणाले, जागा संपली. आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी जुन्या पाण्याची एक बाटली अजून कपाटात जपून ठेवली आहे.

मामांचा पत्ता मिळवायला बाईंना चार दिवस लागले. गावाबाहेरच्या एका सिमेंटच्या गोदामावर ते पहारेकरी होते. पत्र्याच्या शेडमध्ये संसार. मामांनी खुर्ची पुसून पुढे केली.

"मामा, टाकीच फुटली होती. भेग सापडली. सगळ्यांनी बघितली."

"मला वाटतच होतं," मामा शांतपणे म्हणाले. "दोनदा सांगितलं होतं साहेबांना. म्हणाले, आधी लिहून ठेव, मग बघू. म्हणून लिहीत होतो."

"तुम्ही परत या. मी कमिटीशी बोलते."

"नको बाई. तिथे आता कुणी बादली जरी हरवली, तरी पहिलं माझंच तोंड बघतील."

मुलगी आत भांडी घासत होती. बाईंनी परीक्षेचं विचारलं. मामा म्हणाले, "इथून शाळा लांब पडली. एक दिवस गाडी चुकली, एक दिवस हिची आई आजारी. दोन पेपर बुडाले."

बाई उठल्या तेव्हा मामा दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बाकीच्यांचं सोडा. त्यांना तारा खऱ्या वाटल्या. तुम्हाला तर माहीत होतं ना, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पंपमामांच्या फळ्याशेजारी हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला. सेक्रेटरींनी तो काढला. बाईंनी पुन्हा चिकटवला. आता तो तिथेच आहे.

'आपल्या टाकीतून कुणीही पाणी चोरलेलं नाही. टाकी गळत होती. पंपमामा निर्दोष आहेत. तारा जमिनीखालच्या पाण्यामुळे फिरत नाहीत, हाताने फिरतात, हे कुणालाही पाच मिनिटांत करून बघता येईल. पुन्हा कुणी असा आला, तर त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि पुन्हा चालायला सांगा. तो नाही म्हणाला, तर त्याला गेटाबाहेर सोडून या. आणि मनात शंका आली, तर सगळ्यांसमोर विचारा, हसले तरी विचारा. मला शंका आली होती. मी हात वर केला, आणि एका मुलीचे दहावीचे दोन पेपर बुडाले.'