घरातला आवाज

नकल्याने घसा खाकरला आणि काचेच्या अलीकडे बसलेल्या काकांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. तिथे आता सुती रुमाल बांधलेला असे आणि रुमालाखाली श्वास घ्यायला डॉक्टरांनी ठेवलेलं छिद्र. उन्हाळ्यात गाठ निघाली, गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं, आणि तेव्हापासून काकांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. पण कुणी खाकरलं की आपणही खाकरायचं, ही नटाची खोड काही गेली नव्हती.

काचेपलीकडच्या बंद खोलीत नकल्या माइकसमोर उभा होता. त्याच्या पुढ्यातल्या पडद्यावर सिनेमातले काका पलंगाच्या कडेला बसून नुसतेच ओठ हलवत होते. सिनेमा पुरा झाला होता, पण ज्या घरात शूटिंग केलं तिथे शेजारी पाण्याचा पंप दिवसभर चालू असायचा, आणि काकांचे सगळे संवाद त्या घरघरीखाली गाडले गेले होते. त्यात विशेष काही नाही. असे संवाद नंतर स्टुडिओत येऊन, पडद्यावरच्या ओठांकडे बघत पुन्हा म्हणायचे असतात. काकांनी उभा जन्म ते केलं होतं. याही सिनेमाची तारीख ठरली होती. तेवढ्यात गाठ आली आणि सगळंच घोडं अडलं. मग दिग्दर्शकाने नकल्याला बोलावलं.

नकल्याचं दुकानच मुळी काकांच्या आवाजावर चालायचं. कंपन्यांच्या पार्ट्या, कॉलेजं, टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम, जिथे बोलावतील तिथे तो काकांची नक्कल करायचा आणि टाळ्या घेऊन जायचा. काकांनी एकदा त्याला चारचौघांत झापलं होतं असं लोक सांगतात, पण लोक काय, काहीही सांगतात. खरं म्हणजे काकांनी त्याला कार्यक्रमानंतर बाजूला घेतलं होतं आणि 'कसं' आणखी थोडं ओढलंस तर हशा मोठा येईल, एवढंच सांगितलं होतं.

'काका' हे नाव त्यांना मालिकेने दिलं. त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी सिनेमांत चष्मा काढून मान हलवणारे डॉक्टर, सगळं उरकल्यावर पोहोचणारे इन्स्पेक्टर आणि टेबलावर हातोडा आपटणारे न्यायाधीश करण्यात घालवली. वाट्याला दोन वाक्यं यायची, आणि दुसरं संपायच्या आत कॅमेरा हिरोकडे वळलेला असायचा. मग ती मालिका मिळाली. पहिल्याच आठवड्यात एका प्रसंगात ते वाक्य विसरले आणि आठवेपर्यंत वेळ काढायला म्हणून "असं कऽऽसं चालेल?" असं लांबवलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढे पंधराएक वर्षं लेखक दर भागात ते लिहीत राहिला आणि काका ओढत राहिले. भाजीवाला, बँकेतली बाई, दातांचा डॉक्टर, सगळ्यांचे ते काका झाले. ओघाने त्यांची बायको काकू झाली. मालिकेतली काकू वेगळीच होती, आणि तिचं नि यांचं सेटवर घडीभर पटत नसे, पण हे जगाला कोण सांगत बसणार?

हळूहळू घराबाहेर काकांना दुसरा आवाजच राहिला नाही. फोन उचलला तरी ओढून बोलायचं, पाहुणे आले तरी ओढून. साधं बोललं तर समोरच्याचा चेहरा पडायचा, आपलं काही चुकलं का असं त्याला वाटायचं. दार लागलं, चपला निघाल्या, की मग काका आपल्या आवाजात बोलत. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, वाक्याचा शेवट खाऊन टाकणारा तो आवाज काकूंशिवाय कुणाच्या कानांवर फारसा पडला नव्हता. मालिका मात्र काकू कधी बघत नसत. तो माणूस माझ्या ओळखीचा नाही, म्हणायच्या.

आणि या सिनेमात, आयुष्यात पहिल्यांदाच, काकांनी तो घरातला आवाज कॅमेऱ्यापुढे काढला होता. प्रसंग एवढाच की एक म्हातारा अंथरुणाला खिळलेल्या बायकोला सांगतो, मी जरा खाली जाऊन येतो. पोरगेल्या दिग्दर्शकाने सांगितलं, काका, काही करू नका, नुसतं सांगा. काकांनी नुसतं सांगितलं. कॅमेरा थांबल्यावर दिवे धरणारी माणसंसुद्धा जागची हलली नाहीत. त्या दिवशी घरी येऊन काका काकूंना म्हणाले होते, बाकीचं सगळं पुसून गेलं तरी चालेल, माझं हे एवढं एक राहिलं पाहिजे.

ते आता नकल्याच्या तोंडी होतं.

"ऐकतेऽऽस का गं?" नकल्या माइकमध्ये म्हणाला. "मी जराऽऽ खाली जाऊन येतो. दार नुसतं लोटून ठेवतो."

रेकॉर्डिस्टने मान डोलावली. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, डोळे मिटले तर तुम्हीच आहात, काका.

काकांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. पडद्यावर त्यांचा चेहरा होता, थकलेला, काही न करणारा, आणि त्या चेहऱ्यातून मालिकेतला तो विदूषक बोलत होता. त्यांनी टेबलावर हात आपटला. मांडीवर नातवाची पुसायची पाटी होती, तिच्यावर 'ओढू नको' असं लिहून त्यांनी ती काचेला लावली. नकल्याने वाचलं आणि पुन्हा म्हटलं, थोडं कमी ओढून. काकांनी मान हलवली. पुन्हा झालं, आणखी कमी. तरीही तो काकाच होता, फक्त आजारी काका.

शेवटी काका उठून आतल्या खोलीत गेले. त्यांनी नकल्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. आत पंप घरघरत होता, आणि त्याखाली, लांब कुठेतरी, ते स्वतः होते. ते स्वच्छ करून घ्यायची खटपट रेकॉर्डिस्टने करून पाहिली होती. पंप जाताना आवाजही सोबत घेऊन जायचा. काकांनी थोडा वेळ ऐकलं. मग हेडफोन परत दिला आणि बोटाने खूण केली, ऐक.

नकल्याने ऐकलं. पुन्हा लावायला सांगून पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं या माणसावर पोट भरलं, पण याला असं मन लावून कधी ऐकलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मग तो बोलायला लागला आणि काका त्याच्या शेजारी उभे राहून हाताने सांगू लागले. तळवा खाली, म्हणजे पट्टी उतरव. मूठ मिटली, म्हणजे शब्द तिथेच सोड, पुढे नेऊ नको. शिकवता शिकवता काकांचे ओठही हलत होते. किती वेळा चुकलं कुणास ठाऊक. आणि मग एकदा ते बरोबर आलं.

"ऐकतेस का गं? मी जरा खाली जाऊन येतो. दार नुसतं लोटून ठेवतो."

बाहेर कुणीतरी चहाला जाताना दार उघडं टाकलं होतं. पॅसेजमधल्या बाकावर काकू बसल्या होत्या, पर्समध्ये काकांची दुपारची गोळी शोधत. त्या तशाच उठल्या आणि हातात उघडी पर्स घेऊन दारात आल्या.

"मला हाक मारली का?"

काकूंनी काचेपलीकडे उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि काय झालं ते त्यांना कळलं. काही नाही, चालू द्या तुमचं, असं म्हणून त्या मागे फिरल्या. रेकॉर्डिस्टने उगाचच आवाजाचं बटण खाली केलं.

झालं, आता हेच घेणार, असं काकांना वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण दिग्दर्शक आत आला तो नजर चुकवत. स्टूल ओढून तो काकांसमोर बसला. पोरगा वाईट नव्हता हो, तेच तर अवघड होतं. त्याने सरळ सांगितलं की दुसरा आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. पण थिएटरात बसलेल्या माणसाने हा आवाज जन्मात ऐकलेला नाही. ऑपरेशनची बातमी तर सगळीकडे झालेली. हा लावला की लोक म्हणणार, काकांचा आवाज गेला, म्हणून कुणा भलत्याचाच चिकटवला, आणि त्या प्रसंगाचा विचका होणार. पहिला लावला तर कुणाला शंकासुद्धा येणार नाही. निर्मात्यांना दोन्ही पाठवून विचारलं, त्यांचंही हेच म्हणणं पडलं.

काकांनी पाटीवर लिहिलं, 'हाच माझा.'

दिग्दर्शकाने वाचलं.

"हो काका," तो म्हणाला. "पण ते फक्त काकूंना माहीत आहे."

यावर काकांकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक उत्तर होतं, त्यात दोन शिव्याही होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि गळ्यावरचा रुमाल फडफडला, बस. नकल्याने मध्ये पडून पाहिलं. साधंच राहू द्या, माझं नावही कुठे देऊ नका, असं तो म्हणाला. त्याचं नाव तसंही कुठे येणार नव्हतं. काकांनी लिहायला पाटी पुसली, पण मग लिहिलंच नाही.

उरलेलं काम दुपारपर्यंत उरकलं. नकल्या प्रत्येक प्रसंग ओढून म्हणत गेला, खाली मान घालून, आणि प्रत्येक प्रसंगानंतर दिग्दर्शक काकांकडे बघायचा. काका मान डोलवायचे. न डोलवून करतात काय? सिनेमा अडकला असता, चार लोकांचं नुकसान झालं असतं, आणि आवाज काही परत आला नसता. साध्या बोलण्याचा तो तुकडा ठेवलाय का, असं निघताना त्यांनी रेकॉर्डिस्टला लिहून विचारलं. रेकॉर्डिस्ट कानकोंडा झाला. पक्का झाला तेवढाच ठेवतो हो, म्हणाला, नाहीतर नंतर गोंधळ होतो. त्याच्या कामाची रीतच ती होती, त्याला बोल कसा लावणार.

पॅसेजमध्ये काकूंनी गोळी दिली, पाणी दिलं, रुमाल नीट केला. नकल्या बॅग उचलून अंग चोरत बाजूने निघाला होता. काकूंनी त्याला थांबवलं. आजवर त्या कधी त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याची टिंगल करणाऱ्याशी काय बोलायचं?

"मगाशी ते तुम्हीच म्हणालात ना?"

"हो काकू. माफ करा, तुम्हाला उगाच उठावं लागलं."

"नाही, तसं नाही." काकूंनी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. "मला एकदा हाक माराल? हे घरी मारतात तशी?"

नकल्या गडबडला. घरी काय म्हणून हाक मारतात, ते त्याला कुठे ठाऊक? त्याने काकांकडे पाहिलं. काका काकूंकडे बघत होते, आणि काकू जमिनीकडे. उन्हाळ्यापासून या बाईने एकदाही तक्रार केली नव्हती. टाळी वाजवली की धावत यायची, वाटी वाजवली की यायची, वर म्हणायची, आता घरात कशी शांतता आहे. तिचं काय गेलंय, हे काकांना आत्ता या पॅसेजमध्ये कळत होतं. मालिकेचे एवढे भाग पडलेत, रोज कुठे ना कुठे लागतात, आणि त्यातला एकही शब्द तिच्या कामाचा नव्हता.

त्यांनी पाटी घेतली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, ही घरभर गरगरत असते म्हणून पडलेलं नाव त्यांनी कधी कागदावर लिहिलं नव्हतं, कुणासमोर उच्चारलंही नव्हतं. पाटी आडोशाला धरून त्यांनी लिहिलं आणि नकल्याला दाखवलं. भिंगरी.

नकल्याने ओठ ओले केले.

"भिंगरी," तो म्हणाला. फार हळुवार म्हणाला, सिनेमात म्हणतात तसं.

काकांनी मान हलवली. असं नव्हे. असं प्रेमाने कोण कशाला हाक मारतंय घरात? त्यांनी पाटी बाकावर टाकली आणि दोन पावलं मागे सरकले. मग कपाळावर चष्मा असताना चष्मा शोधणारा माणूस शोधतो तसं ते शोधू लागले. खिसे चाचपले, बाकाखाली वाकून पाहिलं, वैतागून हात कमरेवर ठेवले आणि घरातल्या लांबच्या खोलीकडे करावं तसं तोंड केलं. कॅमेरा नव्हता, वाक्य नव्हतं, आणि नकल्याला शेवटी सगळं समजलं.

"ए भिंगरी," तो म्हणाला. खालच्या पट्टीत, जरा घोगरं, शेवट खाऊन टाकत. "कुठे ठेवलास गं?"

काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

"आले हो," त्या म्हणाल्या. "काय हवंय?"

नकल्याने काकांकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्याला कुणी दिलं नव्हतं. काका कमरेवर हात ठेवून तसेच उभे होते, त्यांचे ओठ हलत होते, आणि काकू डोळे मिटून वाट बघत होत्या.